जपानला पहिल्यांदा निघालात? टोकियो ते ओसाका, आमच्या चुकांसकट

आम्ही सिंहगड रस्त्यावर राहतो. घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे, आणि ते जपानमधल्या ओकायामा शहराच्या कोराकुएन बागेवरून बेतलेलं आहे. सासूबाई तिथे रोज सकाळी फिरायला जातात. एक दिवस त्यांनी विचारलं, "मूळची बाग कशी असेल गं?" या एका प्रश्नापायी दिवाळीनंतर आम्ही चौघं जपानला चौदा रात्री राहून आलो: मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि सदुसष्ट वर्षांच्या सासूबाई. त्या अंडंसुद्धा खात नाहीत, नवरा मात्र मासा समोर आला की नाही म्हणत नाही.

काय बघायचं ते सांगणारे पुष्कळ आहेत. माणूस तिथे दमतो तो तीन गोष्टींनी: स्टेशनातली पायपीट, सामानाची ओढाताण आणि "आता खायचं काय" हा प्रश्न. म्हणून मीही त्यावरच जास्त लिहिणार आहे.

१. आधी तारखा, मग तिकिटं

आपल्याकडे शाळांना सुट्टी एप्रिल-मेमध्ये असते, त्यामुळे सगळे तेव्हाच बघतात. पण २९ एप्रिल ते ५ मे हा जपानचा 'गोल्डन वीक'. सलग सुट्ट्या येतात, सगळा देश घराबाहेर पडतो, हॉटेलं दुप्पट भाव सांगतात आणि गाड्यांच्या जागा आधीच संपलेल्या असतात. ऑगस्टच्या मध्यात ओबोन, म्हणजे त्यांचा पूर्वजांचा सण, आणि नवीन वर्षाचा आठवडा, या दोन वेळाही टाळा. जूनमध्ये तिकडेही पावसाळा लागतो.

साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, साधारण मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला फुलतो, पण त्याचं वेळापत्रक तोच ठरवतो. मी नोव्हेंबर सुचवेन. हवा कोरडी, थंडी सोसवेल इतपत, मेपलची पानं लाल व्हायला लागलेली आणि आपली दिवाळीची सुट्टी जवळ.

२. मार्ग: मुक्काम मोजा, शहरं नव्हे

माझ्या पहिल्या कागदावर आठ शहरं होती. नवऱ्याने शांतपणे विचारलं, "बॅगा किती वेळा भरायच्या?" मग पाच मुक्काम उरले:

टोकियो ४ रात्री, कानाझावा २, क्योटो ४ (नारा इथूनच जाऊन-येऊन), हिरोशिमा २ (जाताना वाटेत ओकायामा), ओसाका २.

विमान टोकियोला उतरणारं आणि ओसाकाच्या कान्साई विमानतळावरून निघणारं घ्या. टोकियो-टोकियो तिकीट चार पैसे स्वस्त दिसतं, पण ओसाकाहून परत टोकियो गाठायला माणशी चौदा हजार येनच्या आसपास आणि अर्धा दिवस जातो. चौघांचा हिशेब करा म्हणजे स्वस्ताई कळेल. आम्ही गेलो तेव्हा एक येन साठ पैशांच्या आतबाहेर होता.

३. व्हिसा आणि कागदपत्रं

एप्रिल २०२४ पासून भारतीय पर्यटकांना एकदाच प्रवेश देणारा ई-व्हिसा मिळतो. अर्ज व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रातून करायचा. आम्ही जमवलेली कागदं:

- पासपोर्ट आणि भरलेला अर्ज
- ४५ × ३५ मिलिमीटरचा, पांढऱ्या पार्श्वभूमीचा ताजा फोटो
- दिवसवार कार्यक्रम: तारीख, शहर, हॉटेलचं नाव, पत्ता, फोन
- विमानाचं आणि हॉटेलांचं आरक्षण
- सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट
- आयकर विवरणपत्रं
- नोकरीच्या ठिकाणचं रजेचं पत्र
- खर्च कोण करणार हे सांगणारं कव्हरिंग लेटर
- सासूबाई आणि लेकीसाठी नातं दाखवणारे दाखले

कार्यक्रमाचा तक्ता आणि हॉटेलांच्या तारखा जुळतात का ते दोनदा तपासा. केंद्राच्या संकेतस्थळावरची ताजी यादी बघून मगच प्रती काढा.

एक सापळा: ई-व्हिसा विमानतळावर फोनवर, इंटरनेट चालू असताना दाखवायचा असतो. छापील प्रत किंवा स्क्रीनशॉट चालत नाही. त्यामुळे फोन भरलेला हवा आणि ई-सिम उतरण्याआधीच टाकलेलं हवं. त्याच फोनवर 'व्हिजिट जपान वेब' नावाचा सरकारी अर्ज घरूनच भरून ठेवा. त्यातून मिळणारा क्यूआर कोड इमिग्रेशन आणि कस्टम्सला दाखवला की तिथे उभ्याने फॉर्म भरावे लागत नाहीत.

४. बॅगेत काय न्यायचं, काय नाही

औषधांच्या बाबतीत गंमत करू नका. आपल्याकडे सर्दी-खोकल्यावर सर्रास मिळणाऱ्या काही औषधांत स्यूडोएफेड्रिन किंवा कोडीन असतं, आणि ठरावीक प्रमाणावर गेलं की जपानमध्ये त्याला बंदी आहे. गोळ्यांच्या पाकिटावरचे घटक वाचा, डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर ठेवा आणि नेहमीची औषधं महिन्याभराच्या आत बसतील एवढीच न्या.

ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता आणि मांसाचा कुठलाही पदार्थ नको. आम्ही दशम्या, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि कोरडा चिवडा नेला. कस्टम्सच्या अर्जात खाण्याचे पदार्थ असल्याचं लिहिलं. काही अडचण आली नाही.

जपानमध्ये वीज १०० व्होल्टची आणि पिना दोन चपट्या. फोनच्या चार्जरवर १००–२४० लिहिलेलं असेल तर फक्त पिन बदलणारा अडॅप्टर पुरतो. पण घरची विजेची किटली नेऊ नका. आम्ही नेली. पाणी तापायला इतका वेळ लागला की सासूबाई म्हणाल्या, "तोवर चूल पेटवली असती." हॉटेलच्या खोलीत बहुधा किटली असतेच.

बूट असे न्या की पटकन काढता-घालता येतील. देवळांत, काही खानावळींत, अगदी कपडे घालून बघायच्या खोलीतही ते काढावे लागतात. मोज्यांना भोकं नसावीत हे ओघाने आलंच.

५. पैसे

कार्ड आता पुष्कळ ठिकाणी चालतं, पण छोटी खानावळ, देऊळ, जुनी बस इथे रोकड लागते. कार्डाचा परदेशातला वापर बँकेच्या ॲपमध्ये आधीच चालू करा. सेव्हन-इलेव्हनच्या दुकानातल्या एटीएममधून आमच्या कार्डावर येन मिळाले. जुलै २०२४ मध्ये नव्या नोटा आल्या आहेत आणि काही जुनी यंत्रं त्या घेत नाहीत, म्हणून नाणी जपून ठेवा. ५ येनचं भोकाचं नाणं देवळासाठी राखा. 'गो-एन' म्हणजे पाच येन, आणि ऋणानुबंधालाही 'गो-एन'च म्हणतात.

टीप द्यायची नसते. आम्ही एकदा सुटे टेबलावर ठेवून निघालो तर वेटर रस्त्यापर्यंत धावत आला परत द्यायला.

६. हॉटेल: 'सेमी-डबल'ला भुलू नका

फोटोत दोन उशा दिसतात म्हणून दोघांची खोली समजू नये. 'सेमी-डबल' म्हणजे सव्वाशे सेंटिमीटरच्या आसपास रुंदीचा पलंग, आणि खोली एवढी की बॅग उघडायची तर एकाने पलंगावर चढायचं. 'ट्विन' म्हणजे दोन वेगळे पलंग, तेच घ्या. खोली धूम्रपानाची नाही ना तेही बघा, स्वस्त उरलेल्या खोल्या बऱ्याचदा त्याच असतात. खोलीचा ताबा दुपारी तीननंतर मिळतो. सामान मात्र सकाळीच ठेवून घेतात.

जागा स्टेशनच्या जवळ हवी, आणि स्टेशनचा कुठला दरवाजा तेही बघा. टोकियोतल्या शिंजुकूसारख्या स्टेशनात चुकीच्या दरवाज्याने बाहेर पडलात तर हॉटेल 'पाच मिनिटांवर' असून पाऊण तास चालाल.

७. गाड्या

जपान म्हटलं की जेआर पास (जपान रेल्वेच्या गाड्यांनी ठरावीक दिवस हवं तेवढं फिरू देणारं तिकीट), असं अजून लोक सांगतात. सात दिवसांचा साधा पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून ५०,००० येन झाला, तेव्हापासून हा सल्ला शिळा झाला आहे. आमच्या मार्गावर सुटी तिकिटं काढणंच स्वस्त पडलं. तुमचा मार्ग वेगळा असेल तर बेरीज करून बघा, पण आंधळेपणाने पास घेऊ नका. मुलं सहा ते अकरा वर्षांची असतील तर त्यांना अर्धं तिकीट लागतं.

शहरातल्या प्रवासाला सुइका, पास्मो किंवा इकोका यांपैकी कुठलंही एक कार्ड घ्या. पैसे भरा आणि फाटकावर टेकवा. दुकानांतही चालतं. आयफोनमध्ये सुइका थेट घेता येतं, पण भारतात घेतलेल्या बहुतेक अँड्रॉइड फोनवर ते चालत नाही, म्हणून प्लास्टिकचं कार्ड बरं. प्रत्येकाचं कार्ड वेगळं लागतं. टोकियोत कार्ड टेकवून चढलात आणि क्योटोत टेकवून उतरलात, असं मात्र होत नाही. लांबच्या प्रवासाला स्वतंत्र तिकीट काढावंच लागतं.

शिनकानसेनची, म्हणजे बुलेट ट्रेनची, कागदी तिकिटं पुष्कळदा दोन असतात, एक प्रवासाचं आणि एक जलद गाडीचं. फाटकात दोन्ही एकत्र सारायची आणि पलीकडे निघाली की उचलून घ्यायची. आम्ही पहिल्या वेळी एकच सारलं. यंत्र कोकलायला लागलं, मागे रांग थांबली, कोणी काही बोललं नाही. ते न बोलणंच जास्त लागतं.

टोकियोहून थेट क्योटोला जाणार असाल तर साध्या डब्यात ई क्रमांकाची खिडकी मागा. पाऊण तासाने उजवीकडे फुजी दिसतो, ढग नसतील तर. आम्ही कानाझावामार्गे गेलो, त्या वाटेवर फुजी नाही. कानाझावाहून क्योटोला जाताना त्सुरुगाला गाडी बदलावी लागते. मार्च २०२४ मध्ये शिनकानसेन तिथपर्यंत वाढली, पण पुढे अजून 'थंडरबर्ड' नावाची साधी जलद गाडीच आहे. बदलायला मोजकी मिनिटं असतात, तरी सगळेच त्या दिशेने चालतात, त्यांच्यामागे जा.

सरकत्या जिन्यावर टोकियोत डावीकडे उभं राहतात, ओसाकात उजवीकडे. समोरचा काय करतो ते बघा.

८. सामान पुढे पाठवा

या लेखातलं एकच ऐकायचं असेल तर हे ऐका. जपानमध्ये 'ताक्क्युबिन' नावाची सेवा आहे. हॉटेलच्या काउंटरवर बॅग द्यायची, पुढच्या हॉटेलचा पत्ता, आरक्षणाचं नाव आणि पोचण्याची तारीख सांगायची. बॅग बहुतेक ठिकाणी दुसऱ्या दिवशी तिथे हजर. आम्हाला एका मोठ्या बॅगेला अडीच हजार येन पडले. टोकियोहून दोन्ही मोठ्या बॅगा सरळ क्योटोला धाडल्या आणि कानाझावाचे दोन दिवस पाठीवरच्या पिशव्यांवर काढले. सासूबाईंच्या गुडघ्यांनी दुवा दिला असेल.

पासपोर्ट, औषधं, पॉवर बँक त्या बॅगेत टाकू नका. दोन दिवसांचे कपडे बरोबर ठेवा.

बॅग गाडीतूनच न्यायची असेल तर लांबी, रुंदी, उंचीची बेरीज शिवणाच्या टेपने घरीच मोजा. ती १६० सेंटिमीटरच्या वर गेली तर टोकियो–ओसाका–हिरोशिमा मार्गाच्या शिनकानसेनमध्ये डब्याच्या मागच्या टोकाची सामानासहित जागा आरक्षित करावी लागते, नाहीतर १,००० येन भरावे लागतात.

९. दाशी: शाकाहाऱ्यांनी हा शब्द पाठ करावा

पहिल्या सकाळी हॉटेलात सासूबाईंनी मिसो सूप आमटीसारखं ओरपलं. "छान आहे हो, फक्त फोडणी नाही." दुपारी मी फोनवर वाचलं की त्यात बहुधा दाशी असतो, म्हणजे वाळवलेल्या बोनिटो माशाच्या किसाचं पाणी. त्यांना सांगावं की नाही यावर आम्हा नवरा-बायकोत रात्री कुजबुजत चर्चा झाली. सांगितलं. त्या म्हणाल्या, "झालं ते झालं, उद्यापासून विचारून."

तेव्हा गोष्ट अशी आहे. जपानी खानावळीला मांस आणि मासा म्हणजे ताटात दिसणारा तुकडा वाटतो. दाशी त्यांना आपल्या मिठासारखा. भाजी शिजते त्यात, सोबा नूडल्स बुडवायचं पाणी त्याचं, इनारी सुशीच्या तोफूच्या पिशव्या त्यात मुरतात. म्हणून नुसतं "व्हेजिटेरियन" म्हणून भागत नाही. फोनवर जपानी भाषेत एक वाक्य साठवून ठेवा: "मी मांस, मासे, अंडं आणि माशाचा दाशी खात नाही, कोंबूचा दाशी चालेल." कोंबू म्हणजे समुद्री शेवाळ, त्याचाही दाशी होतो आणि तो शाकाहारी. तोंडी विचारायला हे शब्द पुरतात: निकु म्हणजे मांस, साकाना म्हणजे मासा, तामागो अंडं, बुता डुक्कर, ग्यू गाय, तोरी कोंबडी आणि 'नाशी' म्हणजे विना. "निकु नाशी" म्हटलं की कळतं. वाक्याची रचना मराठीसारखीच, क्रियापद शेवटी: "मिझु कुदासाइ", पाणी द्या. सासूबाई दोन दिवसांत आमच्यापेक्षा बरं बोलायला लागल्या.

कोन्बिनी, म्हणजे चोवीस तासांची दुकानं, सगळ्यांची आवडती, पण फसवी. ओनिगिरीमध्ये, म्हणजे भाताच्या भरलेल्या मुटक्यांमध्ये, खारवलेल्या उमेबोशी फळाची त्यातल्या त्यात बरी, तरी फोनच्या कॅमेऱ्याने घटक वाचून घ्या. पाकिटावर अंडं, दूध, गहू यांच्या ॲलर्जीची नोंद असते, पण त्यावरून बोनिटो आहे की नाही ते कळत नाही. दह्यात जिलेटिन, पावात डुकराची चरबी, वेफर्समध्ये कोंबडीचा अर्क निघू शकतो.

मग खायचं काय? सासूबाई ज्यावर तगल्या ते सांगते.

नोव्हेंबरात सुपरमार्केटच्या दाराशी गरम दगडांवर भाजलेलं रताळं मिळतं, याकि-इमो. उपासालाही चालेल असं. साधा भात, वर घरचं मेतकूट. एदामामे म्हणजे कोवळ्या सोयाबीनच्या उकडलेल्या शेंगा. थंड तोफू, वरचा माशाचा कीस नको म्हणून सांगून. परसिमोन आणि सफरचंदं. गोडात लाल अझुकी वाटून भरलेला दाइफुकु. सासूबाई त्याला "पुरणाचा तांदुळी लाडू" म्हणायच्या आणि ते वर्णन चपखल आहे. टोकियो स्टेशनात, फाटकाच्या आत, टीज तानतान नावाचं संपूर्ण शाकाहारी, दूध-अंडंही नसलेलं रामेनचं, म्हणजे रश्श्यातल्या नूडल्सचं, दुकान आहे. तिळाच्या वाटणाचा झणझणीत रस्सा. आम्ही तिथे दोनदा गेलो.

आणि खरी मेजवानी म्हणजे शोजिन र्‍योरी, बौद्ध मठांचं जेवण. मांस-मासे नाहीतच, कांदा-लसूणही नाही. क्योटोजवळ आराशियामाला तेनर्‍यूजी मंदिराच्या आवारात शिगेत्सु नावाची जागा आहे. आधी नोंदणी करून जा. बागेचं प्रवेशशुल्क वेगळं पडतं. लाल लाकडी ताटात सात-आठ छोट्या वाट्या, तिळाचा तोफू, युबा म्हणजे सोयाच्या दुधाची साय, लोणचं, भात. चातुर्मास पाळणाऱ्या बाईला परक्या देशात कोणी न विचारता कांद्याविना ताट वाढलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, आणि मग दुसऱ्यांदा भात मागितला.

भारतीय हॉटेलं सगळीकडे आहेत, पुष्कळशी नेपाळी मंडळी चालवतात. परातीएवढा नान आणि किंचित गोड रस्सा. अडचणीच्या वेळी देवासारखी. टोकियोच्या एदोगावा भागात निशी-कासाइला भारतीयांची मोठी वस्ती आहे, वाणसामानाची दुकानंही. योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ २०१९ मध्ये याच एदोगावाच्या सभेवर निवडून आले होते. वरण-भाताची फारच आठवण आली तर तिकडे जा, पण चौदा दिवसांच्या सहलीत एका संध्याकाळपेक्षा जास्त नको.

मासे खाणाऱ्यांना सल्ल्याची गरज नाही. गायीचं किंवा डुकराचं टाळणाऱ्यांनी मात्र रामेन आणि ग्योझा (सारण भरलेल्या छोट्या करंज्या) विचारल्याशिवाय मागवू नये. कुठेही चालता चालता खाऊ नका, ठेल्यापाशी उभं राहून संपवा. रस्त्यावर कचराकुंड्या नसल्यातच जमा, १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत झालेल्या सारिन या विषारी वायूच्या हल्ल्यानंतर त्या बऱ्याच काढल्या गेल्या. पिशवीत एक रिकामी पिशवी ठेवा, कचरा हॉटेलवर येतो.

१०. शहरामागून शहर

*टोकियो.* भुयारी रेल्वेचा ७२ तासांचा पर्यटक पास घ्या. तो तासांवर चालतो, त्यामुळे दुपारी सुरू केला तर चौथ्या दिवशी दुपारपर्यंत पुरतो. जेआरच्या गाड्यांवर चालत नाही. महानगर सरकारच्या इमारतीचा ४५ वा मजला फुकट आहे. आम्हाला फुजी तिथूनच दिसला. आसाकुसाचं सेनसोजी मंदिर गर्दीचंच, पण तिथून दहा-पंधरा मिनिटं चालत मात्सुचियामा शोदेन आहे. इथला देव कांगितेन, म्हणजे आपला गणपती. मूर्ती कोणाला दाखवत नाहीत, आणि नैवेद्य मोदकाचा नव्हे, पांढऱ्या मुळ्याचा. आम्ही चौघांनी एक मुळा वाहिला. लेकीने विचारलं, "बाप्पाला मुळा आवडतो?" इथे आवडतो.

मासळीबाजार बघायला त्सुकिजीला जाल तर लिलावाचा बाजार २०१८ मध्येच तोयोसूला गेला आहे. त्सुकिजीला उरली ती बाहेरची खाण्याची दुकानं. शिंजुकूच्या नाकामुराया नावाच्या जुन्या हॉटेलात १९२७ पासून भारतीय पद्धतीची करी मिळते. ती तिथे आणली क्रांतिकारक रासबिहारी बोस यांनी. कोंबडीची असते, म्हणून ही जागा नवऱ्याच्या वाट्याला आली.

*कानाझावा.* केनरोकुएन बाग सकाळी लवकर गाठा. जपानच्या नावाजलेल्या तीन बागांपैकी ही एक, आणि ओकायामाची कोराकुएन दुसरी. नोव्हेंबरात इथे बर्फाने फांद्या मोडू नयेत म्हणून पाइनच्या झाडांना शेंड्यापासून दोऱ्या बांधतात, उघडलेल्या छत्रीसारख्या. जपानचा जवळजवळ सगळा सोन्याचा वर्ख याच शहरात बनतो, म्हणून आइस्क्रीमवर अख्खं पान लावून देतात. चव काही नाही, फोटो छान येतो.

*क्योटो आणि नारा.* क्योटोच्या बसगाड्या गर्दीने कुंथतात. मागच्या दाराने चढायचं, उतरताना पुढे पैसे द्यायचे. शक्य तिथे रेल्वेने जा. फुशिमी इनारीचं देऊळ चोवीस तास उघडं आणि फुकट. साडेसहाला पोचलात तर लाल कमानींच्या रांगेत तुम्ही आणि कावळे एवढेच. साध्या गाडीने इनारी स्टेशनला उतरा, जलद गाडी तिथे थांबत नाही. कियोमिझु-देरा हे देऊळही सहाला उघडतं. नऊनंतर या दोन्ही ठिकाणी फक्त माणसांच्या पाठी दिसतात. गिओन या गेइशांच्या जुन्या वस्तीतल्या खासगी गल्ल्यांत शिरू नका, १०,००० येन दंडाच्या पाट्या लावल्या आहेत.

नाऱ्याला किन्तेत्सु या खासगी रेल्वेच्या गाडीने गेलात तर चालणं कमी पडतं. तिथली मोकळी फिरणारी हरणं मान लववतात, पण बिस्किटं हातात दिसली की सौजन्य संपतं. लेकीच्या कोटाची बाही चावली. तोदाइजी मंदिरातला महाबुद्ध साधारण १५ मीटर उंच. त्याच्या डोळ्यांत प्राण भरण्याचा विधी ७५२ मध्ये झाला आणि तो बोधिसेन नावाच्या भारतातून आलेल्या भिक्षूने केला. त्या काळी एवढ्या लांब हा माणूस कसा आला असेल, याचा विचार आमच्या सासूबाई परतीच्या गाडीतही करत होत्या.

*ओकायामा.* क्योटोहून तासाभरात. सामान स्टेशनच्या लॉकरमध्ये टाका, क्योटो–ओकायामा आणि ओकायामा–हिरोशिमा अशी वेगळी तिकिटं घ्या. ट्राम शिरोशिता थांब्यापर्यंत नेते, पुढे दहा मिनिटं चालायचं. कोराकुएन १७०० मध्ये पूर्ण झाली. मोकळी हिरवळ, मध्ये पाण्याचे पाट, पलीकडे नदीपार काळा किल्ला. सासूबाई पुलावर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आपल्याकडचा पाट असाच वळतो." मग जरा थांबून, "आपल्याकडे किल्ला नाही."

*हिरोशिमा.* शांतता संग्रहालयासाठी अख्खी सकाळ ठेवा आणि त्यानंतर काही आखू नका. आतली छायाचित्रं कठोर आहेत. लेकीला आम्ही आत नेलं नाही. तिच्याबरोबर मी बागेतल्या मुलांच्या स्मारकापाशी बसले आणि अणुबॉम्बच्या किरणोत्सर्गाने आजारी पडून गेलेल्या सादाको सासाकी या मुलीची, तिच्या कागदी करकोच्यांची गोष्ट सांगितली.

मियाजिमा बेटावर जाण्याआधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. पाणी २५० सेंटिमीटरच्या वर असेल तर तिथल्या देवळाची समुद्रातली कमान तरंगल्यासारखी दिसते, १०० च्या खाली असेल तर तिच्या पायथ्याशी चालत जाता येतं. बेटाचा १०० येनचा कर बोटीच्या तिकिटाबरोबर घेतात. इथल्या पद्धतीचं ओकोनोमियाकी म्हणजे धिरड्यावर कोबी, नूडल्स, अंडं असे थर. मांस वगळून देतात, पण माशाची पूड आणि सॉस राहतोच. सासूबाईंसाठी नाही.

*ओसाका.* खाणाऱ्यांचं शहर. दोतोन्बोरीला रात्री जा, ताकोयाकी खा (आत ऑक्टोपस असतो), कुशिकात्सुची (काडीला टोचून तळलेल्या तुकड्यांची) काडी सामाईक सॉसमध्ये एकदाच बुडवा, उष्टी पुन्हा नाही. ही शिकवण आपल्याला घरून आहेच.

११. परतीची गाडी

नाम्बाहून नानकाई या खासगी रेल्वेची गाडी किंवा तेन्नोजीहून जेआरची 'हारुका' घ्या, दोन्ही थेट विमानतळावर जातात. आम्ही पैसे वाचवायला जेआरची साधी जलद गाडी घेतली. ती हिनेनो स्टेशनला दोन तुकड्यांत तुटते, पुढचा भाग विमानतळाला आणि मागचा वाकायामाला. आम्ही सहाव्या डब्यात. समोरच्या शाळकरी मुलीने आमच्या बॅगांकडे बघून खुणेने पुढे जायला सांगितलं, तेव्हा हातात दोन-तीन मिनिटं होती. फलाटावरून धावलो. सासूबाई सगळ्यात पुढे. तुम्ही चढतानाच १ ते ४ क्रमांकाच्या डब्यांत चढा.

टोकियोत घेतलेल्या सुइका कार्डाचा परतावा ओसाकात मिळत नाही. उरलेले येन विमानतळावरच्या दुकानात खर्च करा, किंवा राहू द्या. साधं कार्ड शेवटच्या वापरापासून दहा वर्षं चालतं. सासूबाईंनी त्यांचं कार्ड ३४० येनांसकट देवघराच्या खणात ठेवलं आहे.